पंचवीस अक्षरं आणि एक जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

औषध कंपनीवाला दर वर्षी डायरी देऊन जातो आणि दर वर्षी अक्का तिच्यात पाककृतींची कात्रणं चिकटवते. या वर्षी मी ती लपवून ठेवली होती. काही घडल्याशिवाय माणसाने डायरी लिहू नये, असं माझं मत आहे. आज घडलं.

सकाळी परिपत्रक आलं. एक मेपासून रुग्णालयाच्या चादरी, अभ्रे, झगे, सगळं बाहेरची कंपनी धुऊन, घडी घालून आणून देणार. फाटलं की फेकणार. त्यामुळे आमच्या लिनन विभागातला शिवणकामाचा कोपरा बंद. कोपरा म्हणजे एक पायमशीन, एक कापायचं टेबल आणि शिवणबाई. एकोणीस वर्षं त्या खिडकीखाली बसून फाटक्या चादरींना ठिगळं लावत आहेत. मी इथला स्टोअरकीपर. माझा उल्लेख परिपत्रकात नव्हता. दोनदा वाचलं. नव्हता.

त्याच फलकावर दुसरी नोटीस होती. नोंदणी कक्षात एक जागा, फक्त आतल्या माणसांसाठी. परीक्षा मात्र अजब. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर एक इंग्रजी अक्षर असेल. त्या अक्षराने सुरू होणारे पंधरा शब्द आणि तीन वाक्प्रचार अर्थासकट सांगायचे, मग एक पत्र वाचून दाखवायचं. तिथे फायली अक्षरवार लावलेल्या असतात. फोनवर नाव ऐकलं की हात नेमक्या कपाटाकडे गेला पाहिजे, आणि डॉक्टर मंडळी जे इंग्रजी फेकतात ते झेलता आलं पाहिजे, असं नव्या प्रशासकबाईंचं म्हणणं. एक्स वगळला आहे. उरली पंचवीस.

इस्त्रीवाले काका म्हणाले, "इंग्रजी ना? मग आपल्या डिक्शनरीला विचारा की."

डिक्शनरी म्हणजे मी. विभागाची सगळी इंग्रजी पत्रं मीच लिहितो.

दुपारी शिवणबाई माझ्या टेबलापाशी आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच. "साहेब, मी अर्ज केला तर लोक हसतील का?"

"हसतील," मी म्हटलं. खरं ते सांगावं.

"मग केलाच. आता तुम्ही शिकवा."

आठवी शिकलेल्या बाई. पालथ्या घड्यावर पाणी. पण नाही म्हणवेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला धडा जेवणाच्या सुट्टीत. मी विचारलं, "ए फॉर?" आणि 'अ‍ॅपल'ची वाट पाहत बसलो.

"अ‍ॅम्ब्युलन्स," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान आपल्याच रुग्णालयाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. जाऊन अकरा वर्षं झाली. मी घाईघाईने "पुढे" म्हटलं.

अ‍ॅप्रन, अ‍ॅक्सिडेंट, अ‍ॅडमिट, अस्थमा, अँटिबायोटिक, अपॉइंटमेंट. चौदा झाले. मी एकही सांगितला नव्हता. "कुठे शिकलात हे?"

"कुठे म्हणजे? एकोणीस वर्षं कानांना काय कुलूप होतं?"

मला जरा तोंडात मारल्यासारखं झालं. पण शब्द वेगळे आणि वाक्प्रचार वेगळे. तिथे माझ्याशिवाय गत्यंतर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

बी. आज वाक्प्रचारांना हात घातला. 'बाइट द बुलेट.' मी समजावलं: बुलेट म्हणजे गोळी, बाइट म्हणजे चावणे. गोळी चावून खाणे, म्हणजेच औषध वेळच्या वेळी घेणे.

बाईंनी लिहून घेतलं. मग थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसल्या. "साहेब, नक्की ना?"

"बाई, लिननमध्ये येण्याआधी सात वर्षं मी औषध भांडारात गोळ्यांची खोकी मोजलीत."

"बरं," त्या म्हणाल्या.

शिष्य असा हवा. शंका विचारावी, पण वाद घालू नये.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंची पद्धत पाहण्यासारखी आहे. सकाळी आल्या की कापायच्या टेबलावर शिंपीखडूने मधोमध एक मोठं अक्षर काढतात. दिवसभर काम चालू असतं. मशीन थांबली, दोरा बदलायचा झाला, की एक शब्द लिहितात. संध्याकाळी टेबल भरलेलं असतं. मग ओल्या फडक्याने पुसतात, आणि पुसता पुसता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणतात. "पुसलेला शब्द डोक्यात गेला पाहिजे. नाहीतर तो फडक्यात गेला," असं त्यांचं म्हणणं.

अक्षरं ओळीने घ्यायची नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं. परवा त्या नोंदणी कक्षात जाऊन कपाटं बघून आल्या. "एसचं कपाट सगळ्यात जाड आहे साहेब, क्यूचं सगळ्यात बारीक. आधी जाड घेऊ." मी इतकी वर्षं त्या कक्षासमोरून जातो. कपाटांची जाडी पाहावी, हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

आज अपवाद म्हणून सी घेतला, कारण मला त्यातले वाक्प्रचार चांगले येतात. 'कॉल इट अ डे': दिवसाला दिवस म्हणणे, म्हणजे खरं ते तोंडावर सांगणे. 'कोल्ड फीट': पाय गार पडणे, रक्तदाब उतरल्याचं लक्षण. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. पाठ झाल्याची खूण असावी.

रविवारी त्या वाचनालयात जाऊन बसतात म्हणे. घर लहान, मुलगी कॉलेजची, तिला अभ्यासाला जागा हवी. म्हणून जात असतील बिचाऱ्या. तिथे पंखा चांगला आहे.

घरी अक्का म्हणाली, "तू हल्ली रोज दाढी करतोस."

मी म्हटलं, "शिकवणाऱ्याने टापटीप असावं."

"शिकवताना शर्टाला इस्त्री पण लागते वाटतं," असं म्हणून ती आत गेली. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यापासून माझ्याकडे असते. माझं लग्न राहून गेलं, त्याचा राग तिने अजून सोडलेला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एस. 'स्टिच इन टाइम सेव्ज नाइन.' वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो. हा मला पक्का ठाऊक होता, म्हणून ऐटीत सांगितला.

बाई हसल्या नाहीत. समोरची चादर उचलली, फाटलेली कड चिमटीत धरली, आणि मोजायला लागल्या. "नऊ नाही साहेब. आज घातला तर सात वाचतील. नऊ वाचायला आठवडाभर आधी घालायला हवा होता."

काका इस्त्री आपटून हसले. मी पण हसलो. मग लक्षात आलं, त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी खरंच मोजले होते. इंग्रजांनी ही म्हण बनवताना कुणा शिवणाऱ्या बाईला विचारलं नसणार.

एसमध्ये बाईंचे सदतीस शब्द झाले. माझे एकोणतीस.

१ मार्च, शनिवार

आज बाईंचं बिनसलं होतं. केमध्ये 'नी' म्हणजे गुडघा आणि 'नाइफ' म्हणजे सुरी येतात, हे त्यांना मान्यच होईना. "ऐकू येतो न. लिहायचा के. हा के पुढे बसून करतो काय?"

"काही नाही. मुका असतो."

"मग तिथे बसवलाय कशाला?"

काका म्हणाले, "आपल्याकडे पण आहेत असे. पहिल्या मजल्यावर केबिन असते त्यांना."

पण बाई हसल्या नाहीत. पीमध्ये येणाऱ्या न्यूमोनियाचा विषय निघाल्यावर तर त्यांनी खडू ठेवूनच दिला. काल घरी मुलगी उच्चारांना हसली होती. बाईंनी आधी न्यूमोनिया एनमध्ये सांगितला, मग चूक कळल्यावर प्नूमोनिया म्हणाल्या. "तिचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मला पण हसू आलं असतं. पण मे महिन्यात मी काय करू, साहेब? या वयात कुणाच्या दारात कपडे शिवायला मागू?"

 मी त्यांच्या डब्याशेजारी माझा डबा सरकवला आणि म्हटलं, "आज धडा नको. जेवा."

जेवल्या. हात धुऊन आल्या आणि उभ्या उभ्याच टेबलावर लिहिलं: नी, नाइफ, नर्स. थांबल्या, तिसरा पुसला. "ही एनमध्ये," म्हणाल्या, आणि तिथे 'नॉट' लिहिला. गाठ. हा शब्द मी सांगितला नव्हता. माझ्या लक्षातही नव्हता.

१४ मार्च, शुक्रवार

दुसरं परिपत्रक. लिनन स्टोअरसुद्धा बंद. स्टोअरकीपरची बदली ७ एप्रिलपासून तळघरातल्या भंगार भांडारात. मोडक्या खाटा, चाक नसलेल्या खुर्च्या, आणि एक मिणमिणता दिवा. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. इतकी वर्षं कुणाला एक चादर कमी पडू दिली नाही.

बाईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली. "साहेब, तिथे दमट असतं. तुमचा दमा."

मला दमा आहे, हे त्यांना मी कधी सांगितलं, आठवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. मी भरला.

हे लिहितानासुद्धा बरं वाटत नाही, पण डायरीत लिहायचं नाही तर कुठे. नोंदणी कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे, कोरडा आहे, खिडक्या आहेत. मी सेवेत जुना. इंग्रजी माझं. ज्याला येतं त्याने अर्ज करायचा नाही, असा नियम कुठे आहे? बाईंना सांगायला हवं होतं. पण दुपारी त्या टीचे शब्द पुसत होत्या, इतक्या मन लावून की मध्ये बोलवेना. उद्या सांगतो.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं नाही.

काल बाई म्हणाल्या, क्यू राहिलाय. मी म्हटलं, क्यू सोडून द्या, त्यात काही नसतं, चिठ्ठीत यायचा पण नाही. वेळ वाचावा म्हणूनच म्हटलं. आज सकाळी टेबलावर क्यूचे एकवीस शब्द होते. क्विल्टपासून क्वारंटाइनपर्यंत. मी मोजले आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.

दुपारी उरलेला पी. 'पुल समवन्स लेग.' मी म्हटलं, सोपं आहे, आपल्यासारखंच. पाय ओढणे. दुसरा वर जायला लागला की त्याचा पाय धरून त्याला खाली खेचणे.  चोराच्या मनात चांदणं. बाईंनी लिहून घेतलं. शेजारी टिंब दिलं.

घरी अक्काला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग तू तिला शिकवतोयस की तिचा अभ्यास बघून येतोयस?"

जेवण गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

उमेदवारांची यादी फलकावर लागली. सहा नावं. माझं चौथं, बाईंचं शेवटचं. मी नऊ वाजता पाहिली. म्हणजे त्यांनी आठलाच पाहिली असणार, त्या लवकर येतात.

दिवसभर मशीन चालू होती. मी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. सुट्टी झाली. बाईंनी टेबल कोरडं पुसलं, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि मला हाक मारली. "साहेब, आज तुम्ही इकडे बसा."

शिकणाऱ्याची खुर्ची. बसलो. वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

त्यांनी वही उघडली. टिंबं दिलेले वाक्प्रचार एका पानावर उतरवले होते. अकरा. "हे परत बघू या. 'बाइट द बुलेट' म्हणजे औषध घेणे नाही. जे दुखणार आहे ते दात-ओठ आवळून सोसणे. 'कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरतं काम थांबवणे. 'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणे. रक्तदाबाचा काही संबंध नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचनालयात मोठी डिक्शनरी आहे. तीन खंडांची. रविवारी मी तिच्यासाठीच जाते."

माझे कान तापले. "दीड महिना तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही जेवण सोडून शिकवत होतात. मला बरोबर अर्थ मिळाला होता, मग तुम्हाला मध्येच कशाला तोडायचं?" त्या वहीकडे बघत होत्या. "पण आता तुम्हाला तिथे उभं राहायचंय. सगळ्यांसमोर. गोळीचा अर्थ असा सांगितलात तर डॉक्टर हसतील. तुम्हाला कुणी हसलेलं मला चालणार नाही."

"बाई, जागा एक आहे."

"मला मोजता येतं."

"मी तुम्हाला न सांगता अर्ज केला."

"हो. ते मला आवडलं नाही." एवढंच म्हणाल्या. मग बोट खाली सरकवलं. "हा शेवटचा. 'पुल समवन्स लेग.' त्यांच्यात पाय ओढणे म्हणजे नुसती थट्टा, साहेब. वाईट अर्थ फक्त आपल्याकडे आहे."

मी मान खाली घालून अकराच्या अकरा अर्थ लिहून घेतले. सहावीत शाळेत छडी खाल्ली होती. ती यापेक्षा कमी लागली होती.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी ठरवून गेलो होतो. बाईंना म्हटलं, अर्ज मागे घेतो.

त्या इतक्या चिडल्या की दातात धरलेली टाचणी खाली पडली. "अजिबात नाही. तुम्ही सोडलीत तर लोक म्हणतील, साहेबांनी दिली म्हणून हिला मिळाली. मी काय पंचवीस अक्षरं दानात घ्यायला घोटली? यायचं, उभं राहायचं, आणि येतं ते सगळं सांगायचं. मुद्दाम चुकलात तर मला कळेल. तुमच्या चुका मला पाठ आहेत."

काका इस्त्री चादरीवरच धरून ऐकत होते. "डिक्शनरी, हो म्हणा. नाहीतर ही चादर जळेल माझी."

मी हो म्हटलं.

३० मार्च, रविवार

वाचनालयात गेलो. बाई होत्याच. एका लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघांनी अभ्यास केला. पंखा बंद पडलेला आहे. गेले चार महिने, असं ग्रंथपाल म्हणाला.

निघताना बाई म्हणाल्या, "साहेब, घोडामैदान जवळ आलं. वीचे किती झाले?"

"एकोणीस."

"माझे सतरा. बघा, पुढे गेलात." आणि खऱ्याखुऱ्या खूश झाल्या. मी या बाईंचं काय करू?

३ एप्रिल, गुरुवार

परीक्षा झाली. सभागृहात, सगळ्यांसमोर, म्हणजे मागून कुणी कुरबुर करायला नको. टेबलामागे प्रशासकबाई, नोंदणी कक्षातून निवृत्त होणारे वृद्ध गृहस्थ आणि हाडांचे डॉक्टर. समोर सहा उमेदवार, आणि मागे मजा बघायला आलेलं अर्धं रुग्णालय.

पहिले तिघे आठ-दहा शब्दांवर अडले. एकाने तर एन आल्यावर सहा नर्सांची नावं सांगितली.

चौथा मी. चिठ्ठी उचलली. सी.

शब्द आले. पंधरा काय, वीस. मग वाक्प्रचार. 'कॉल इट अ डे', आजच्यापुरतं काम थांबवणे. 'कोल्ड फीट', ऐनवेळी कच खाणे. तिसरा 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ', अंथरूण पाहून पाय पसरणे. प्रशासकबाईंनी मान हलवली. डॉक्टर "गुड" म्हणाले. दहा दिवसांपूर्वी हीच चिठ्ठी आली असती, तर याच लोकांसमोर मी रक्तदाबावर भाषण दिलं असतं. मागे वळून पाहिलं. बाई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू त्यांचंच झालं.

पत्र मी भरभर वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो.

पाचवा आला नि गेला. मग बाई. पांढरी स्वच्छ साडी, गळ्यात आज टेप नव्हती. चिठ्ठी उघडली. एच.

हॉस्पिटल, हार्ट, हँड, हील, हिप, हर्निया, हायजीन, हीटर, हुक, हँगर, होल, हेल्प, होप. तेरा. आणि थांबल्या.

 माझ्या तोंडात 'हनी', 'हॅमर', 'हॉर्स' नुसते उड्या मारत होते. मी जीभ चावून धरली. त्यांची नजर टेबलावरून फिरत डॉक्टरांवर थांबली. "हाउस," त्या म्हणाल्या. चौदा. आणि मग, "हेम."

"हेम?" डॉक्टर. "म्हणजे?"

बाई दोन पावलं पुढे गेल्या. "युअर कोट, सर. हेम इज ओपन."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. पांढऱ्या कोटाची खालची दुमड खुर्चीच्या बाजूने वीतभर उसवून लोंबत होती. आधी नर्सा हसल्या, मग प्रशासकबाई, मग स्वतः डॉक्टर. हसू ओसरेपर्यंत बाई सरळ उभ्या होत्या.

वाक्प्रचार. दोन झरझर सांगितले. तिसरा, 'हँग बाय अ थ्रेड'. एका धाग्यावर लोंबकळणे, कधी तुटेल सांगता येत नाही अशी अवस्था.

डॉक्टर म्हणाले, "वाक्यात वापरून दाखवा. इंग्रजीत."

असं काही विचारतील, हे नोटिशीत नव्हतं. मी उठायला निघालो होतो, काकांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं.

बाई म्हणाल्या, "माय जॉब इज हँगिंग बाय अ थ्रेड, सर." क्षणभर थांबल्या. "बट आय नो थ्रेड."

माझी नोकरी धाग्यावर लोंबकळते आहे. पण धागा मला ओळखीचा आहे.

कुणी हसलं नाही. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह सुरू झालं. मीही वाजवत होतो. हात दुखेपर्यंत.

पत्र त्यांनी सावकाश वाचलं. एक शब्दही चुकला नाही. त्यात न्यूमोनिया होता.

५ एप्रिल, शनिवार

निकाल. बाई पहिल्या. मी दुसरा, सात गुणांनी मागे. सोमवारपासून मी तळघरात.

मला वाईट वाटायला हवं. सकाळपासून वाट बघतोय, येत नाही. उलट जिन्यात शीळ घालत होतो, म्हणे. अक्काने विचारलं, "तू जिंकलास का?"

"हरलो."

"मग हा आवाज कसला?"

मी तिला परीक्षेचं सगळं सांगितलं. कोटाची दुमड, धागा, सगळं. सांगताना दोनदा उभा राहिलो. अक्का ऐकत होती. पहिल्यांदाच तिने मध्ये तोंड घातलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

तळघर अपेक्षेइतकं वाईट नाही. दिवा बदलून घेतला. छाती थोडी भरून येते, पण मोडक्या खुर्च्यांतल्या निम्म्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत. कुणी पाहिलंच नव्हतं. मी यादी करायला घेतली आहे.

दुपारी अंतर्गत फोन वाजला. तळघरात फोन वाजतो, हेच मला माहीत नव्हतं. नोंदणी कक्षातून बाई.

"साहेब, इथे एक रिकामं टेबल आहे खिडकीशी. जुन्या फायली लावायला माणूस हवा, असं मी प्रशासकबाईंना लिहून दिलंय. इंग्रजीत. त्या बघू म्हणाल्यात. तोवर खोकला कसा आहे?"

मी ठीक आहे म्हटलं.  फोन कुणीच ठेवेना. शेवटी त्यांनीच विचारलं, रविवारी वाचनालयात येणार ना? मी म्हटलं, "परीक्षा तर झाली."

"हो," त्या म्हणाल्या. "परीक्षा झाली."

घरी आल्यावर हे अक्काला सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेऊन म्हणाली, "अरे, तुला सगळ्या शब्दांचे अर्थ सांगायला बाईच लागतात का? वाचनालयातून तिला घरी घेऊन ये. जेवायला. मुलीला पण बोलाव." मग भांडी आवरता आवरता विचारलं, "काय करू? तिला काय आवडतं?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी फक्त इंग्रजी शिकवलं तिला."

आणि मग सांगायला लागलो. तिखट अगदी बेताचं. काकडी सालासकट, चिरलेली नाही, तोडलेली. भात मऊ, पण गिचका नाही. गोड जेवणाआधी, कारण नंतर खाल्लं की झोप येते. वांगं वर्ज्य. पाणी कोमट. चहात साखर नाही, पण चहा मात्र पाहिजेच, आणि कपात नाही, पेल्यात.

अक्का हात थांबवून माझ्याकडे बघत होती. मी अजून सांगतच होतो.